गु-सातचा अंधार

ट्रेमध्ये चोवीस प्लेटी होत्या. बारा उजेडातल्या, बारा अंधारातल्या. उजेडातल्या बाराही नारिंगी झाल्या होत्या, आणि तशाच त्या व्हायला हव्या होत्या. अंधारातल्या बारांवरचा काळा कागद मैत्रेयीने एकेक करून सोडवला. पांढरी एकही निघाली नाही. नऊ फिकट नारिंगी, तीन त्याहून जरा गडद.

"काका, तिसऱ्यांदा," मैत्रेयी म्हणाली.

चौगुल्यांनी एक प्लेट उचलून खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि प्लेट डोळ्यांजवळ धरली. झाकणाच्या कडेला त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: गु-७, अंधार, ४.

"नारिंगीच आहे," ते शेवटी म्हणाले, जणू कुणीतरी वेगळं काही म्हटलं होतं.

दिगंबर चौगुले या विभागात लॅब टेक्निशियन होते. एकतीस वर्षांपूर्वी कोल्हापूरजवळच्या गावातून चंडीगडला आले तेव्हा त्यांना हिंदी धड येत नव्हती आणि पंजाबी कानाला भांडणासारखी वाटायची. आता महिन्याच्या अखेरीला ते निवृत्त होणार होते आणि विभागातले सगळे, अगदी लुधियानाचे विद्यार्थीसुद्धा, त्यांना काकाच म्हणायचे. बुरशीचे सगळे वाण त्यांच्या हाताखाली होते. दर दोन महिन्यांनी प्रत्येक वाण जुन्या नळीतून नव्या नळीत न्यायचा, नाव घालायचं, थंडीत ठेवायचा. एकूण त्रेसष्ट वाण. आणि अंधारखोली त्यांची. पूर्वी तिथे फोटो धुवायचे. आता तिथे बुरशी वाढायची.

मैत्रेयी नाशिकची, पीएचडीचं चौथं वर्ष. तिचं काम एका वाक्यात सांगता येण्याजोगं होतं: उजेड पडला की ही बुरशी रंग का धरते? पूर्ण अंधारात वाढवली तर तिचे धागे पांढरे राहतात, पिंजलेल्या कापसासारखे. त्यांच्यावर दहा मिनिटं निळा प्रकाश पाडला की धाग्यांमधलं एक प्रथिन तो प्रकाश पकडतं, पेशीला निरोप देतं, आणि चार-सहा तासांत गाजराच्या रंगाच्या जातीचं द्रव्य तयार होऊ लागतं. ते द्रव्य उन्हापासून पेशीचं रक्षण करतं. लाल प्रकाशाची मात्र तिला खबरच लागत नाही. म्हणून अंधारखोलीत दिवा लाल.

चौगुल्यांनी नव्या विद्यार्थ्यांना हे थोडक्यात सांगायचं ठरवून टाकलं होतं. "ऊन दिसलं की ती छत्री उघडते," ते म्हणायचे. "आणि लाल दिव्यात ती आंधळी असते. माणूस बघतो, बुरशी बघत नाही."

दुपारी ग्रेवाल मॅडम आल्या. विभागप्रमुख त्याच. त्यांनी ट्रेकडे उभ्याउभ्याच पाहिलं.

"डार्क में भी कलर? तीनों बैच में?"

"जी मॅडम," मैत्रेयी म्हणाली.

"फिर तो ये स्ट्रेन गया, चौगुले जी. पुराना हो गया. बिना लाइट के ही रंग बना रहा है, हमारे किस काम का." त्यांनी हातातली यादी उलटली. "नई बिल्डिंग में चालीस की जगह है. तिरसठ में से तेईस जाने हैं. शुक्रवार को लिस्ट भेजनी है. बाईस हो गए थे, ये तेईसवां."

"एक बार और करके देखें, मॅडम?" चौगुले म्हणाले.

"किस वजह से? कोई वजह हो तो बताइए, मैं रुक जाऊंगी. तीन बार तो हो गया."

मॅडम गेल्या. मैत्रेयीने काळे कागद गोळा करत, खाली बघतच विचारलं, "काका, रागावू नका हं. पण प्लेटी हलवताना दार वगैरे कधी..."

"एकतीस वर्षांत ते दार उघडं राहिलेलं नाही."

"मी तसं म्हणत नाहीये."

"मग म्हणू नकोस."

चौगुल्यांना लगेच वाईट वाटलं, पण शब्द परत घेता येईना. कारण हिशोब सरळ होता. अंधारातल्या प्लेटी रंगल्या, याचा अर्थ दोनच. एक तर बुरशी बिघडली, नाही तर अंधार. आणि अंधार त्यांचा होता.

बुरशीही त्यांचीच होती, हे मात्र नव्या लोकांना माहीत नव्हतं. नोकरी लागल्यावर पहिल्याच रजेत ते गावी गेले होते. वडिलांचं गुऱ्हाळ तेव्हा जोरात चालायचं. चुलवणाशेजारी उसाच्या अर्धवट जळलेल्या चिपाडांचा ढीग पडला होता. त्यावर आदल्या दिवशी अवकाळी सर येऊन गेली होती, आणि सकाळी सगळा ढीग नारिंगी झाला होता, कुणी त्यावर गुलाल नव्हे तर केशर उधळावं तसा. लहानपणापासून त्यांनी तो रंग पाहिला होता. त्याला नाव असतं आणि त्या नावाची बुरशी चंडीगडला नळीत ठेवतात, हे मात्र सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं. घरात लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट सापडलं. त्यात एक चिपाड घालून त्यांनी ते बॅगेत ठेवलं.

"लोकं गावाकडनं गूळ न्हेत्यात," वडील काहिलीतला रस ढवळत म्हणाले होते, "आणि हे बेणं बुरशी घिऊन चाललंय."

चिपाडं एकूण नऊ पाकिटांत आणली होती, ढिगातल्या नऊ वेगवेगळ्या जागांहून. सातव्यातली जगली. म्हणून गु-७, गुऱ्हाळाचा गु. वडील जाऊन बारा वर्षं झाली. गुऱ्हाळ त्याआधीच बंद पडलं होतं, चुलवण बुजवलं गेलं, आणि आता तिथे मंगल कार्यालय आहे. त्या जागेवरचं जिवंत असं काही उरलं असेल तर ते चंडीगडमध्ये, चार अंश तापमानात, एका नळीत होतं. एकशे ऐंशीहून जास्त वेळा चौगुल्यांनी ते जुन्या नळीतून नव्या नळीत नेलं होतं. मैत्रेयीच्या तपासणीत त्यांनी गु-७ सगळ्यांत शेवटी ठेवला होता, जेवताना गोड शेवटाला ठेवतात तसा. बासष्ट वाण दसऱ्याआधी तपासून झाले. गु-७ तेवढा दसऱ्यानंतर.

संध्याकाळी येताना त्यांनी सेक्टर पंधराच्या बाजारातून लोकर आणली. बायकोने, सरोजताईंनी, सकाळी सांगितली होती. चंडीगडच्या थंडीला एकतीस वर्षं झाली तरी त्या दर ऑक्टोबरात नव्याने घाबरायच्या आणि विणायला घ्यायच्या.

सरोजताईंनी पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"अवो, निळी सांगितली हुती की मी. ही काळी हाय."

"निळीच दिली त्यानं. मी निळीच मागितली."

"मागितली असंल. बघून घेतलासा का?" त्यांनी आतून अर्धा विणलेला स्वेटर आणला आणि लोकरीचा गुंडा त्याच्याशेजारी धरला. "ह्यो निळा. ह्यो काळा. दिसालंय का?"

चौगुल्यांनी ट्यूबलाइटच्या खाली जाऊन पाहिलं. "दोन्ही काळेच आहेत की."

सरोजताई हसायला लागल्या, पण मध्येच थांबल्या. त्यांनी समोरच्या खुर्चीवरची चादर दाखवली. "हिच्यावरली फुलं कंच्या रंगाची?"

"करडी."

"निळी हैत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हीच आणली हुती. मला निळी आवडतात म्हणून." मग नेहमीच्या सुरात, "डोळं दावून घ्या म्हणून किती दिस झालं सांगून! पोरीनं दोनदा नंबर लावला दवाखान्यात, दोनदा बुडवलासा. रिटायर झाल्यावर जातो म्हणं. डोळ्यांस्नी काय ठाव, तुम्ही कवा रिटायर हुणार!"

चौगुले जेवायला बसले. अलीकडे आपण रंग बघून काय काय निवडलं, हे ते मनात मोजत होते. लोकर. त्याआधी रजिस्टरचं पेन, ज्याला मैत्रेयी निळं म्हणाली होती आणि ते काळं समजून वापरत होते. त्याआधी दसरा. दसऱ्याला काय? दुसऱ्या घासाला त्यांचा हात ताटातच थांबला.

दर खंडेनवमीला ते लॅबमधल्या हत्यारांची पूजा करायचे. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, जंतू मारायच्या वाफेच्या भांड्याला झेंडूचं फूल, आणि अंधारखोलीतल्या दिव्याला नवा कागद. दिव्यावरचा लाल जिलेटिनचा कागद वर्षभराच्या उष्णतेने विटतो, तडकतो. तो त्याच दिवशी बदलायचा, तीन पदरी, हा त्यांनीच घातलेला पायंडा. पंजाबी पोरं प्रसादाच्या पेढ्यासाठी जमायची आणि 'काका, मायक्रोस्कोप की भी आरती?' म्हणून चिडवायची. या वर्षी नेहमीचा दुकानदार बसला नव्हता. त्याच्या सुनेने गुंडाळी काढून दिली होती. चौगुल्यांनी ती उजेडाला धरून पाहिली होती. लाल होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते उरलेली गुंडाळी घेऊन क्वार्टरवर आले. सरोजताई दारातच भेंडी चिरत बसल्या होत्या.

"हा रंग सांग."

"राणी कलर."

"लाल नव्हे?"

"लाल कुठला! माझ्या लग्नातला शालू ह्योच नव्हं का? तुमच्या आईनं तोंड वाकडं केल्यालं, हिरवा पायजे म्हणून." त्यांनी गुंडाळी हातात घेऊन उन्हाला धरली आणि मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही," चौगुले म्हणाले. "लाल अधिक निळा म्हणजे राणी. मला त्यातला निळा दिसत नाही."

"मग?"

"बुरशीला दिसतो."

सरोजताईंनी विळी बाजूला सारली. "मग कागद बदला की लगीच. कुणाला कळतंय?"

परत लॅबकडे येताना, सफेद्याच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडांखालून, चौगुले त्याच वाक्याचा विचार करत होते. कागद बदलणं पाच मिनिटांचं काम. जुना चुरगाळून टाकायचा, नवा लावायचा, आणि या महिन्याअखेरीला शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडायचं. चौगुल्यांच्या हातून अंधार कधी फुटला नाही, असं ग्रेवाल मॅडम भाषणात नक्की म्हणणार होत्या. दर वर्षी नव्या पोरांसमोर त्या ते म्हणायच्याच. फक्त शुक्रवारी गु-७ च्या नळ्या वाफेच्या भांड्यात जाणार होत्या, आणि ते भांडं लावायचं कामही चौगुल्यांचंच होतं.

त्यांनी मैत्रेयीला अंधारखोलीत बोलावलं. आत एका वेळी एकच माणूस, आणि तो म्हणजे चौगुले, हा नियमही त्यांचाच. त्यामुळे तो दिवा लागलेला तिने कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी दार लावलं आणि बटण दाबलं.

"अरे यार," मैत्रेयी म्हणाली. "काका, हे तर ब्यूटी पार्लर झालंय."

"लाल नाही ना?"

"लाल? गुलाबी, जांभळट. तुम्हाला..." ती थांबली. गुलाबी उजेडात तिला त्यांचा चेहरा दिसत होता. "काका, तुम्हाला हे लाल दिसतं?"

"स्वच्छ लाल."

तिने त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "मोतीबिंदू असेल. माझ्या आजोबांना होता. भिंग पिवळं, तपकिरी होत जातं, निळा आत येऊच देत नाही. हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी सगळं निळंनिळं दिसतं म्हणे." आणि लगेच, "काल मी दाराचं विचारलं ना, सॉरी."

"दार नव्हतं. पण होतो मीच. चल, मॅडमकडे."

ग्रेवाल मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. गुंडाळी हातात घेतली, खिडकीशी धरली, टेबलावर ठेवली.

"चौगुले जी, चुपचाप कागज़ बदल देते. किसको पता चलता?"

"पर गु-सात को तो फेंक देते ना, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. त्या चौगुल्यांहून दोनच वर्षांनी लहान होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या प्रबंधातल्या सगळ्या प्लेटी त्याच अंधारखोलीतून चौगुल्यांच्या हातून गेल्या होत्या.

"तीनों बैच कॅन्सल करने पड़ेंगे. वजह भी लिखनी पड़ेगी रजिस्टर में."

"मैं ही लिखूंगा."

"और मुझे सबूत चाहिए. कागज़ का भी, स्ट्रेन का भी. शुक्रवार दोपहर तक. आपका अंदाज़ा ही निकला तो फिर भी जाएगा वो."

त्याच दुपारी, मंगळवारी, त्यांनी चोवीस प्लेटींमध्ये बुरशीचे बीजाणू सोडले आणि प्लेटी काळ्या डब्यात ठेवल्या. गुरुवारचा बेत असा: आठ प्लेटींना निळ्या दिव्याखाली दहा मिनिटं. आठांना राणी कागदाच्या दिव्याखाली दहा मिनिटं. उरलेल्या आठांना काहीच नाही. पण 'काहीच नाही' हे सगळ्यांत अवघड होतं. कोवळी बुरशी डब्यातून काढायची, वेगवेगळी करायची, पुन्हा कागदात बांधायची, हे सगळं आजवर लाल दिव्यात होत आलं होतं. खरा लाल कागद आणून लावता आला असता. मैत्रेयीने तसं सुचवलंही.

"नको," चौगुले म्हणाले. "तो लाल आहे हे सांगणार कोण? तू सांगशील, ते ठीक. पण मग मॅडम म्हणतील, यातही काही असेल. दिवाच नको."

त्यांनी प्लेटींना रबरं लावून ठेवली. निळ्यासाठीच्या आठांना दोन-दोन, राणीसाठीच्यांना तीन-तीन, अंधारातल्यांना एकेक.

गुरुवारी सकाळी दोघं आत गेली. मैत्रेयीला साक्षीला उभं राहायचं होतं.

"घड्याळ बाहेर काढून ठेव. त्याची काच चमकते. मोबाइलपण."

दार लागलं. बाहेरची खूण म्हणून एक फटही उरली नाही. मैत्रेयीला स्वतःचा हात दिसेना. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वास, पिकत आलेल्या फळासारखा गोडसर.

"हा वास कसला?"

"तिचाच. भरपूर वाढली की येतो. चिपाडाच्या ढिगालापण यायचा. मधमाश्या फसायच्या."

कागदाची सळसळ. रबर बोटाने मोजल्याचा बारीक टणत्कार. "एक," चौगुले म्हणाले. "ही अंधाराची." प्लेट काळ्या कागदात गेली, घडी बसली. "तीन. ही बाजूला." त्यांचा आवाज दिव्यात असायचा तसाच होता, कदाचित जरा सैलच. बोलताबोलता ते गुऱ्हाळाचं सांगू लागले. रात्रभर ढवळून झालेला गूळ वाफ्यात ओतला की वडील पहिला चटका कसा हातावर द्यायचे; तो पिंपळाच्या पानावर घ्यायला आईने किती वेळा सांगितलं होतं; चुलवणात चिपाडं सारणारा माणूस आगीकडे न बघता नुसत्या आवाजावरून ओळखायचा, आता घालायचं की थांबायचं.

"वडील म्हणायचे, डोळ्याला काय कळतंय, हाताला इचार. दोन. ही निळ्याची."

"काका, तुम्हाला भीती नाही वाटत? एखादी सांडली तर?"

"सांडली तर आवाज येईल. एक. अंधाराची. किती झाल्या अंधाराच्या?"

"आठ," मैत्रेयी म्हणाली. तिने मोजल्या होत्या.

आठ घड्या डब्यात गेल्या. निळ्याच्या आठ दुसऱ्या डब्यात, आणि दोन्ही झाकणं बसली. मगच त्यांनी राणी कागदाचा दिवा लावला, तीन रबरांच्या आठ प्लेटी त्याखाली मांडल्या आणि मैत्रेयीने साठ-साठ आकडे दहा वेळा मोजून दहा मिनिटं भरली. नंतर निळा दिवा, दहा मिनिटं. मग चोवीसही प्लेटी कागदात बांधून रात्रभर थंडीत; तिथे रंग अधिक धरतो.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मैत्रेयीने कागद सोडले. अंधाराच्या पहिल्या घडीतली बुरशी तिने चिमट्याने उचलून काचेवर ठेवली आणि काच चौगुल्यांसमोर सरकवली. ते वाकून बघत राहिले. त्यांना ती साईसारखी दिसली. पांढरं असं त्यांना हल्ली साईसारखंच दिसत असणार, हे त्यांच्या लक्षात आलं.

"पांढरी आहे का?" त्यांनी विचारलं.

"पांढरी आहे, काका."

"तू नको सांगू. यंत्राला सांगू दे."

तिने आठ-आठच्या तीन गटांतून रंग काढला, गाळला, यंत्रात घातला. चौगुल्यांनी तोवर अंधारखोलीतल्या दिव्याचा कागद सोडून त्याची नीट घडी घातली आणि ती रजिस्टरच्या पानाला पिनने लावली. शेऱ्याच्या रकान्यात एकतीस वर्षं ते एकच शब्द लिहीत आले होते: ठीक. आज त्यांनी आधी मैत्रेयीला पेन दाखवलं.

"हे काळं ना?"

"निळं आहे. काळं हे घ्या."

काळ्या पेनने त्यांनी लिहिलं: बॅच एक, दोन, तीन रद्द. कागद लाल नव्हता. लावणाऱ्याला निळा रंग दिसत नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि पुढच्या ओळीसाठी पट्टी ठेवून थांबले. फोन वाजला, मुलगी होती, वल्लरी.

"पापा, मंडे नौ बजे आय डिपार्टमेंट. इस बार पक्का?"

"पक्का," चौगुले म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी मैत्रेयीकडे पाहिलं. ग्रेवाल मॅडमही तोवर दारात येऊन उभ्या होत्या, हातात यादी होती. मैत्रेयी यंत्रावरचे आकडे वाचत गेली आणि चौगुले लिहीत गेले.

गु-७. रंगद्रव्य, कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला मायक्रोग्रॅममध्ये, आठ प्लेटींची सरासरी. निळा दिवा, दहा मिनिटं: १९१. राणी कागद, दहा मिनिटं: ८४. अंधार: ६. वाणात दोष नाही.